जानोशातल्या पिशव्या

शिरड शहापूरला लग्नाला येणारा लांबचा पाहुणा थकूनच पोचतो. मुंबईचे लोक देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून परभणीला नाहीतर नांदेडला उतरतात, तिथून वसमत, आणि वसमतहून औंढा नागनाथच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. अकोल्याकडचे पूर्णा मार्गावरच्या गाडीनं हिंगोली किंवा वसमत गाठतात. पुण्याचे ट्रॅव्हल्सनं येतात आणि सकाळी पाय सुजवून उतरतात. यातल्या कुणालाही उतरल्या उतरल्या मानाचा फेटा नको असतो. पाणी हवं असतं, तोंड धुवायला नळ कुठे आहे ते हवं असतं, आणि दुपारी नेमकं कुठे जायचं ते कळायला हवं असतं. पुतणीच्या लग्नात जानोशातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला एक पिशवी द्यायची ठरली, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी एवढंच लिहून ठेवलं. पुढची टिपणं त्याच वहीतली.

*

आधी गूळ-पाणी.

उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा आणि मग तांब्याभर पाणी, ही रीत आपल्या आज्यांनी पाळली. पिशवीची सुरुवात तिथूनच. मात्र मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि उघडा गूळ दुपारपर्यंत पाझरून चिकट होतो. म्हणून सुटा गूळ बटर पेपरच्या पुडीत, आणि त्याच्याच जोडीला शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू. हे लाडू उन्हाला दाद देत नाहीत. बुंदीचा लाडू पाकातला असतो, त्याचा भुगा होतो आणि पिशवीभर मुंग्या लागतात.

पाण्याची बाटली माणशी एक. शिवाय क्षार-साखरेची एक पुडी, म्हणजे ओआरएस. पुडी संपली तर काय करायचं तेही माहितीच्या कागदावर छापायचं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दरवर्षी वरातीत एखादी म्हातारी नाहीतर एखादं लेकरू चक्कर येऊन खाली बसतं. त्या वेळी मांडवात साखर शोधत पळण्यापेक्षा पुडी पिशवीत असलेली बरी.

*

पिशवीत औषधाच्या गोळ्या घालू नयेत. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा नको. कुणाला काय चालतं, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, आपल्याला माहीत नसतं. त्याऐवजी 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर कागदावर ठळक टाइपात. 2014 पासून राज्यात ही सेवा आहे, तरी शहरातून आलेल्या माणसाला खेड्यात ती मिळते यावर विश्वास नसतो.

*

कापड.

मांजरपाट. छत्तीस इंच पन्ह्याचा, न धुतलेला, पिवळसर. हिशेब टेलरच्या पाटावर बसून केला. पिशवी बारा इंच खोल हवी, तर बारा बाय सव्वीसचा तुकडा लागतो, मधोमध दुमडायचा. पन्ह्यात असे तीन तुकडे शेजारी शेजारी बसतात. मीटरमधलं सव्वीस इंच गेलं की तेरा इंचांची पट्टी उरते. तिचे चार-चार इंच रुंद आणि अठरा इंच लांब सहा बंद निघतात. म्हणजे एका मीटरमध्ये तीन पिशव्या, बंदांसकट, आणि चिंधी जवळजवळ काहीच नाही. साठ पिशव्यांना वीस मीटर. तरी बावीस आणावं, कारण कापड आधी भिजवून वाळवायचं आणि मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतो. न भिजवता शिवलेली पिशवी पहिल्याच धुण्यात वाकडी होते.

बंद नुसता कडेला टाचायचा नाही. पिशवीच्या आत दीड-दोन इंच उतरवायचा, चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची. पाच किलो ज्वारी भरून पिशवी उचलायची, धरून जरा हिसका द्यायचा. बंद धरला तर पिशवी पास. टेलरनं पहिल्या पिशवीवर ही परीक्षा स्वतः घेतली आणि मग दोरा बदलला, जरा जाड लावला. ज्याच्या हाताला अशी चोख सवय आहे त्याच्याकडेच काम द्यावं.

*

पिशवीवर काय छापायचं यावर घरात दोन दिवस बोलणी झाली. पोरांना नवरा-नवरीची नावं हवी होती, इंग्रजी अक्षरांत, मध्ये बदाम. मी विरोध केला. नावं छापलेली पिशवी घेऊन दुसऱ्या दिवशी कुणी भाजीला जात नाही. ती कपाटात जाते आणि तिथेच राहते. साधी पिशवी वर्षानुवर्षं दळणाला, बाजाराला, दवाखान्याला जाते. 2018 पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, घरोघरी चांगली कापडी पिशवी लागतेच.

शेवटी एका कोपऱ्यात लहानसा कलश छापायचं ठरलं, हळदीच्या रंगात. कलश लग्नपत्रिकेवर असतो, आणि आमच्या गावचं मल्लिनाथांचं देऊळ ज्यांना माहीत आहे त्यांना दुसरी खूणही पटते. मल्लिनाथ हे एकोणिसावे तीर्थंकर, त्यांचं लांछन कलश. गावाचं नाव छापायला नको, कलश पुरेसा.

*

मंजप्पै. तमिळनाडूत पिवळ्या कापडी पिशवीला हे नाव. तिथे लग्नाला आलेल्या प्रत्येकाला जाताना तांबूल देतात: नारळ, विड्याची पानं, सुपारी, आणि हे सगळं पिशवीत घालून. यात मोठा पाहुणा, लहान पाहुणा हा भेद नाही. जेवून निघालेला प्रत्येक माणूस हातात पिशवी घेऊनच मांडवाबाहेर पडतो. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या सरकारनं प्लास्टिक हटवण्याची मोहीम काढली तेव्हा तिला याच पिवळ्या पिशवीचं नाव दिलं. लोकांना नवी वस्तू शिकवावी लागली नाही, घरातली जुनीच वस्तू पुन्हा खांद्यावर आली.

इटलीत लग्नाला साखरेत घोळवलेले पाच बदाम देतात. पाच का, तर आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य. अमेरिकेत लांबून येणारे पाहुणे हॉटेलात उतरतात, म्हणून त्यांच्या खोलीवर पाणी, खाऊ आणि कार्यक्रमाची पत्रिका घातलेली पिशवी आधीच पोचवतात. तिकडची पोरं इकडे लग्नाला आली की हीच कल्पना घेऊन येतात. ती मला आवडली, पण एक फरक करून घ्यावासा वाटतो. आमच्याकडे पिशवी खोलीत आधी ठेवायची नाही. जीप थांबली की घरातलं कुणीतरी पुढे होऊन ती हातात द्यायची, "या, कसा झाला प्रवास?" असं विचारून.

*

हळद. हे टिपण लांबणार.

हिंगोली जिल्ह्यातून लग्नाला येऊन कुणी हळदीशिवाय परत जावं हे बरोबर नाही. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्यानं वसमतच्या शिवारात फिरलं आणि या भागाची शेती बदलली. आज राज्यात हळद म्हटलं की हिंगोलीचं नाव आधी येतं. 2024 मध्ये 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी वर्ध्याकडच्या वायगाव हळदीला 2016 मध्ये आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेलं होतं. नवऱ्या मुलाचे मामा सांगलीकडचे. त्यांच्या पिशवीत आमची हळद जाणारच, आणि त्यांनी येताना त्यांची आणावी असा निरोप मी धाडला आहे. दोन्ही पुड्या शेजारी ठेवून वास घेऊ.

लग्नसराई आणि हळदीची काढणी एकाच वेळी येते. जानेवारीपासून शेतात कंद निघायला लागतात. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मग कुकर. पूर्वी कढया होत्या, आता वाफेवर शिजवतात, आणि त्या दिवसांत संध्याकाळी गावाच्या कडेनं चालत गेलं तर तो ओला, मातकट, जरासा तिखट वास अंगाला लागतो. शिजली का हे बघायला हळकुंड हातात घेऊन बोटानं दाबतात, काडी टोचून बघतात. काडी सहज आत गेली की झालं. कच्ची राहिली तर आतून वाळत नाही, जास्त शिजली तर रंग उतरतो. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आसपास उन्हात. वाळलेलं हळकुंड मोडलं की कडकन आवाज आला पाहिजे. शेवटी पॉलिशचा ड्रम फिरतो, वरची खरबरीत साल झडते आणि आतला रंग दिसतो. पाच किलो ओल्या हळदीची वाळून साधारण एक किलो होते.

पिशवीत पाव किलो हळद म्हणजे शेतातून निघालेली सव्वा किलो. पाहुण्याला हे सांगायला हवं.

*

तयार पूड आणायची नाही. बाजारातल्या सुट्या पिवळ्या पुडीत रंग घालतात, आणि काही रंग विषारी असतात. आपल्या ओळखीच्या शेतातली हळकुंडं घ्यायची, कांडपावर समोर उभं राहून दळून आणायची. कांडपवाल्याकडे सकाळी पहिलं जायचं, कारण आदल्या माणसानं मिरची कांडली असेल तर हळदीला तिखट लागतं. आधी दोन मुठी हळकुंडं टाकून यंत्र साफ करून घ्यायचं, ती पूड बाजूला ठेवायची, मग आपली.

दळून आणलेली हळद गरम असते. लगेच पुडीत बांधली तर आत घाम धरते आणि गुठळ्या होतात. परातीत पसरून, वर पातळ फडकं टाकून, पूर्ण निवू द्यायची. पुडी दुहेरी: आत जाड पाकीट, बाहेर कागद. पिशवी फिक्या रंगाची आहे, एक पुडी फुटली की सगळं पिवळंधमक.

फुटलीच तर डागाला साबण लावू नये. साबणाच्या अल्कलीनं हळद लाल होते, डाग जास्तच भडक दिसतो. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणानं. साध्या पाण्यात खळबळून पिशवी कडक उन्हात टाकायची. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दिवसांत डाग फिका पडतो. हेही कागदावर छापायचं, नवरीच्या अंगाची हळद पाहुण्यांच्या कपड्यांना लागतेच.

*

पिशवीत कुंकवाची डबी घालायची का?

जावेनं विचारलं, कारण दुकानात हळद-कुंकवाचा जोडीनं तयार संच मिळतो. मी नको म्हटलं, आणि कारण इथे लिहून ठेवते.

आपल्या लग्नघरात दारात हळदी-कुंकू लावणारी बाई उभी असते. येणाऱ्या बायकांकडे ती बघते आणि क्षणभर थांबते. कुणाला लावायचं, कुणाला टाळायचं. ज्या बाईचा नवरा गेला आहे ती स्वतःच आधी बाजूला होते, पदर सावरते, दुसरीकडे बघते. ते बाजूला होणं मी लहानपणापासून बघत आले आहे. माझी मोठी आत्या प्रत्येक लग्नात स्वयंपाकघराच्या दारानं आत यायची.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं सांगितलं. हा ठराव गावानं गाव म्हणून केला हे त्यात मोठं. आमच्या घरात ठराव वगैरे काही झालेला नाही. एवढं मात्र झालं की पिशवीत हळद आहे ती स्वयंपाकाची, पाव किलो, फोडणीला घालायची. ती प्रत्येकीच्या हातात जाईल. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हा प्रश्न देणारीच्या डोळ्यांत यायलाच नको. दारात उभी राहणार आहे ती माझी चुलत बहीण, आणि तिचेही मालक चार वर्षांपूर्वी गेले. तिनंच पिशव्या द्यायच्या हे नवरीनं सांगितलं. नवरीचा शब्द मोडायला कुणी पुढे आलं नाही.

*

जैन पाहुणे.

आमच्या गावचं मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर अतिशय क्षेत्र म्हणून ओळखलं जातं. इथली मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूरला होती असं सांगतात. त्यामुळे कांदा-लसूण नको म्हणजे काय, हे इथल्या आचाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पण पिशवी भरणाऱ्या पोरांना सांगावं लागलं. चिवड्यात तळलेला लसूण असतो. बटाट्याचे वेफर्स नको. शेव चालते, तिच्या मसाल्यात लसूण नाही ना हे बघून. शेंग जमिनीखाली लागते म्हणून एकानं शेंगदाणा लाडूच बाजूला काढले होते. शेंग कंद नाही, जैन घरांत शेंगदाणे खातात. हळदीचं उलट आहे. ओली हळद कंदच, ती चालत नाही. वाळवलेली हळद आणि सुंठ चालते.

यावरून एक सोपं केलं. दोन प्रकारच्या पिशव्या करायच्याच नाहीत. सगळ्यांच्याच पिशवीतून कांदा-लसूण आणि बटाटा काढून टाकला. तसं केल्यानं कुणाचं काही अडत नाही, आणि चिठ्ठी लावून वेगळी ठेवलेली पिशवी चुकीच्या हातात जाण्याची भीती गेली.

सूर्यास्ताची वेळ कागदावर हवी. मेच्या मध्यावर आमच्याकडे सातला दहा कमी असताना सूर्य बुडतो, डिसेंबरात पावणेसहालाच. जे रात्री जेवत नाहीत त्यांची पंगत त्याआधी तासभर बसली पाहिजे. "जेवण संध्याकाळी" एवढंच लिहिलं तर ती माणसं उपाशी झोपतात आणि बोलून दाखवत नाहीत.

*

माहितीचा कागद. माझ्या मते पिशवीतली सगळ्यांत मोलाची वस्तू हीच, आणि हिच्यावर सगळ्यांत कमी वेळ दिला जातो.

मराठीत, मोठ्या अक्षरांत. मागच्या बाजूला हिंदीत. साखरपुडा, हळद, परण्या, लग्न, पंगत, पाठवणी: प्रत्येकापुढे वेळ आणि जागा. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा असतो आणि अक्षता पडतात दीड-दोनला, हे घरच्यांना माहीत असतं. पाहुण्याला माहीत नसतं. तो बारापासून मांडवात घाम पुसत बसतो. कागदावर दोन्ही वेळा खऱ्या खऱ्या लिहाव्यात. परतीची गाडी असलेल्याला त्याच आकड्यावर निघायचं ठरवता येतं.

दोन फोन नंबर, आणि ते नवरीच्या बापाचे नकोत. त्या दिवशी त्याचा फोन कुणाच्या खिशात असतो देव जाणे. दोन धडधाकट भाचे नेमायचे, त्यांचे नंबर. एक जीपकडे, एक जानोशाकडे.

एसटीच्या वेळा. हिंगोली, औंढा, वसमत, नांदेडच्या गाड्यांच्या, स्थानकावर जाऊन लिहून आणलेल्या. 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. म्हातारी माणसं जीपमध्ये कोंबून जाण्यापेक्षा एसटीनं जायला राजी असतात, फक्त गाडी कधी आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. आधार कार्ड जवळ ठेवा, हीसुद्धा एक ओळ.

*

थांबणाऱ्यांसाठी कागदाच्या तळाशी: गावातलं मल्लिनाथ मंदिर. औंढ्याचं नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलेलं, दगडी कोरीवकाम निवांत बघावं असं. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्यालाच भेटले, अशी परंपरा आहे. नरसी, नामदेवांचं जन्मगाव म्हणून वारकरी तिथे जातात आणि शीखही येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. नांदेडला हुजूर साहिब. नवऱ्या मुलाच्या कंपनीतला एक मित्र लुधियानाहून येणार आहे. लग्नासाठी एवढा लांब येतो आहे, तर त्याला नरसी दाखवून आणायला कुणीतरी मोकळं ठेवलं पाहिजे.

*

टॉवेल-टोपी.

आमच्याकडच्या आहेरात टॉवेल-टोपी असतेच. टोपी आता फारसं कुणी घालत नाही, ती घरोघरी ट्रंकेत साठते. टॉवेल मात्र लागतो. सोलापूरच्या चादरीसारखंच तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि लहान आकाराचा हातपुसणी टॉवेल बराच स्वस्त मिळतो. तो पिशवीत घातला. मे महिन्यात मानेवर ओला टॉवेल टाकायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

*

नाकारलेल्या वस्तू, कारणांसह: अत्तराची बाटली (डोकं दुखतं), फोटो छापलेला कप (फुटतो, आणि परक्याच्या फोटोतून चहा कोण पितो), सुक्यामेव्याचा डबा (खर्च डब्यावर जातो, आत मूठभर बदाम), चंदेरी वर्खाची पेटी. खोबऱ्याची वाटीही नको, कारण काहीजण नांदेडहून विमानानं परतणार. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. विमानतळावर बाई-माणसाला बॅग उघडून ओटीचं खोबरं बाहेर काढायला लागू नये.

लेकरांसाठी खडूंची पेटी आणि शंभर पानी वही. डासांसाठी मलमाची पुडी. एवढंच.

*

भावकीत विचारणा सुरू झाली: व्याह्यांच्या पिशवीत जास्त काय आहे?

काहीच नाही. व्याही, विहीणबाई, मामा, मावशी, मित्र, सगळ्यांना एकच पिशवी. मानपान व्हायचा तो मांडवात होईल, त्याला शाल-श्रीफळ आहे, फेटा आहे. लग्नात माणसं रुसतात ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातातलं बघून. आमच्याच घरात एका साडीच्या काठावरून दोन चुलत्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. त्यामुळे पिशवीवर नाव लिहायचं नाही, चिठ्ठी लावायची नाही, वेगळ्या रंगाचा बंद नको. ढिगातली कुठलीही उचलावी, कुणालाही द्यावी.

*

परत जाताना तीच पिशवी रिकामी झालेली असते. पाणी पिऊन झालेलं, लाडू लेकरांनी संपवलेले. तीत शिदोरी घालायची. दशम्या, दुधा-गुळात भिजवलेल्या पिठाच्या, दोन दिवस मऊ राहतात. धपाटे एकच दिवस, तेही ज्यांचा प्रवास रात्रीत संपतो त्यांनाच. सोबत तिळाची चटणी, लसूण न घातलेली. नांदेडला गाडीत बसल्यावर रात्री आठच्या सुमाराला पुडी उघडली जाते, आणि डब्यातल्या शेजाऱ्यालाही एक दशमी जाते. पूर्वी अशी शिदोरी धोतराच्या फडक्यात बांधून द्यायचे.

*

पिशव्या भरणारे हात. गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी लाडू वळले, त्यांना पैसे दिले, बाजारभावानं. घरचंच कार्य म्हणून फुकट करून घेणं बरोबर नाही, आणि बरेचदा तेच होतं. टेलरला शिलाई आगाऊ दिली. हळदवाल्या शेतकऱ्याला वसमतच्या बाजार समितीत त्या दिवशी जो भाव निघाला तोच दिला.

*

ज्यांच्या घरी पुढच्या तिथींना लग्न आहे त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पिशव्या मोजताना जीपचे ड्रायव्हर धरा, बँडवाले धरा, आचाऱ्याची माणसं धरा, फोटोवाला आणि त्याचा पोरगा धरा. हीही लांबून आलेली माणसं आहेत, रात्री उशिरा जेवतात आणि पहाटे निघतात, आणि पाहुण्यांच्या यादीत त्यांचं नाव नसतं. त्यांच्या पिशव्या आधी भरून बाजूला काढा, नाहीतर शेवटी कमी पडतात त्या त्यांच्याच.

दुसरं, कापड दिवाळी झाली की लगेच आणा. तुळशीचं लग्न लागलं की टेलरकडे ब्लाऊजांचा ढीग पडतो, मग पिशव्या तो हातात घेत नाही.